युरोपियन टूरचा २०१८चा मोसम: तुमच्या मनात राहिलेला आठवडा कोणता?

रानवाट | सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८, रात्री ९:४०

काल दुबईत युरोपियन टूरचा, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेचा मोसम संपला. स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली. २०१६च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेनंतर त्याच्या हाती करंडक आला तो थेट कालच. आणि वर्षभराच्या गुणतक्त्यात, म्हणजे 'रेस टू दुबई'त, फ्रान्चेस्को मोलिनारी पहिला. असा मान मिळवणारा तो पहिला इटालियन. टॉमी फ्लीटवूडला त्याला मागे टाकायचं तर काल जिंकणंच भाग होतं, ते जमलं नाही.

मी पुण्यात बसून हा अख्खा मोसम पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. कारण आपला गोल्फपटू शुभंकर शर्मा. गेल्या डिसेंबरात जोहान्सबर्गला वादळामुळे रविवारी खेळ थांबला. उरलेले होल सोमवारी सकाळी खेळून या २१ वर्षांच्या मुलाने स्पर्धा जिंकली. ऑफिसात मोबाइलवर स्कोअर बघत होतो, हात थरथरत होता. फेब्रुवारीत क्वालालंपूरला त्याने शेवटच्या दिवशी ६२ मारले (अठरा होल ६२ फटक्यांत, जितके कमी तितकं चांगलं) आणि पुन्हा जिंकला. त्यानंतर मी सुटलोच नाही. मोरोक्को, सिसिली, डेन्मार्क, दर आठवड्याला नवा देश, नवं गवत, नवा वारा.

वर्षाचा हिशेब मांडताना सगळे मोलिनारीचेच करंडक मोजणार. त्यात चूक काही नाही. पण टूरच्या चाळीसच्या वर स्पर्धा होतात आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल आपल्याकडे ओळभरही छापून येत नाही. म्हणून विचारतो, तुमच्या मनात कुठला आठवडा राहिला? शक्यतो मोठ्या स्पर्धा सोडून सांगा.

---

ताकभात | रात्री ९:५८

पहिला रुमाल माझा. सविस्तर उद्या लिहिते.

---

देवळालीकर | रात्री १०:२०

रानवाट, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी सैन्यातून निवृत्त. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची गोल्फशी ओळख छावणीतल्या मैदानावरच झाली. शुभंकरचे वडीलही सैन्यात अधिकारी आणि दुसरा गोल्फपटू अनिर्बान लाहिरी, त्याचे वडील सैन्यात डॉक्टर. आधी लाहिरी, मग शर्मा, दोन्ही मुलं छावणीच्या वातावरणातली. त्यामुळे हे दोघं खेळत असले की मला घरचं कार्य असल्यासारखं वाटतं.

माझा आठवडा मार्चमधला, दिल्लीजवळच्या डीएलएफ मैदानावरचा इंडियन ओपन. शुभंकरने दुसऱ्या दिवशी ६४ मारले. शनिवारी संध्याकाळी तो आघाडीवर होता. रविवारी हातातून निसटलं. मॅट वॉलेसने प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा होलवर) अँड्र्यू जॉन्स्टनला हरवलं. ते मैदान फार कडक आहे, थोडी चूक झाली की दोन-तीन फटके गेलेच म्हणून समजा. आदल्याच आठवड्यात पोराने मेक्सिकोत तीन दिवसांनंतर आघाडी घेतली होती, शेवटच्या दिवशी ७४ झाले आणि नववा आला. तिथून विमान पकडून दिल्लीत येऊन पुन्हा आघाडी. दोन्ही रविवार त्याच्या विरुद्ध गेले. पण लागोपाठ दोन आठवडे शनिवारी रात्री आपलं नाव वर आहे, हे २१व्या वर्षी पचवायला काय लागत असेल, याचा विचार करा.

---

बाराखडी | रात्री १०:३१

मेक्सिकोतला तो किस्सा इथे यायलाच हवा. शुभंकर आपली ओळख करून द्यायला अमेरिकेचा नामवंत खेळाडू फिल मिकेलसनकडे गेला, तर मिकेलसनला तो पत्रकारच वाटला! नंतर रविवारी शेवटच्या गटात दोघं बरोबरच खेळले.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, २० नोव्हेंबर, सकाळी ८:१२

मला खेळातलं कळत नाही, म्हणून मनापासून विचारतो. ७० लाख डॉलरची बक्षिसं, शेकडो एकर गवत, त्याला पाणी, आणि खेळणारे मूठभर. आमच्या तालुक्यात फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतात. या खेळाचं कौतुक मी कसं करावं? खवचटपणा नाही, खरोखर समजून घ्यायचं आहे.

---

फोर्थच्याकाठी | दुपारी १:४५

प्रश्नचिन्ह, मी एडिनबराजवळ राहते. इथलं चित्र वेगळं आहे, म्हणून लिहिते. आमच्या गल्लीतला वीजतंत्री, शाळेतल्या शिक्षिका, पोस्टमन, सगळे गोल्फ खेळतात. गावाबाहेरच्या मैदानावर लोक कुत्री फिरवतात, मुलं समुद्रावर जाताना मैदान ओलांडूनच जातात. क्लबची पिशवी पाठीला लावून बसमध्ये बसणारे आजोबा मी रोज बघते. श्रीमंतांचे क्लब इथेही आहेतच. पण हा खेळ फक्त त्यांचा नाही.

माझा आठवडा सांगायचा तर जुलैतला गलन. स्कॉटिश ओपन तिथे होती, घरापासून तासाभरावर. रविवारी दक्षिण आफ्रिकेचा ब्रँडन स्टोन. सुरुवातीला त्याच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. मग कुजबुज सुरू झाली. एका होलवरून दुसऱ्यावर माणसं पळायला लागली. आपल्याकडे कुस्तीच्या फडात एखादा नवखा पैलवान डाव टाकायला लागला की बाजूच्या आखाड्याची गर्दी इकडे सरकते, अगदी तसं. शेवटच्या होलवर बर्डीचा (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) पट, म्हणजे होलात घालायचा हलका फटका, त्याच्यासमोर होता. तो पडला असता तर ५९. युरोपियन टूरवर तोवर ५९ कोणीच मारले नव्हते. सगळे श्वास रोखून. चेंडू होलाच्या बाजूने निघून गेला. ६० झाले, स्पर्धा त्याने चार फटक्यांनी जिंकली, आणि तरीही मैदानातून बाहेर पडताना माझ्या शेजारचे आजोबा हळहळतच होते.

---

मातीपरीक्षण | दुपारी ३:०५

प्रश्नचिन्ह यांच्या पाण्याच्या प्रश्नाला माझ्या धंद्याच्या बाजूने उत्तर देतो. मी कृषी पदवीधर, गवतांवर काम केलं आहे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची मैदानं, ज्यांना लिंक्स म्हणतात, ती वाळूच्या जमिनीवर आहेत. शेतीला निकामी जमीन, मेंढ्या चरायच्या तिथे. त्यावर फेस्क्यू जातीचं बारीक पात्याचं गवत वाढतं, त्याला पाणी आणि खत दोन्ही कमीच लागतं. यंदा ब्रिटनमध्ये कडक उन्हाळा झाला. कार्नुस्टीला ओपन या मोठ्या स्पर्धेच्या वेळी फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, पार तपकिरी दिसत होते. कोणी त्यांना हिरवं करण्याचा अट्टहास केला नाही. उलट चेंडू टणक जमिनीवरून भरमसाट पळत होता आणि खेळाडूंना तो कुठे थांबेल याचा अंदाज नव्याने बांधावा लागत होता. खेळाला त्याने रंगतच आली.

आपल्याकडची गोष्ट निराळी. उष्ण देशांतल्या मैदानांवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असतं. हे बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा! दोन्ही एकच जात. शेतकरी तिला उपटून उपटून दमतो आणि गोल्फवाले तिची पैसे देऊन लागवड करतात. हरळी पाण्याशिवाय तग धरते, फक्त हिरवी राहत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. त्याचं माझ्या परीने उत्तर असं की मैदान बारा महिने हिरवंगार दिसायलाच हवं, हा हट्ट सोडला तर पाण्याचा बराचसा वाद मिटेल. आणि जिथे पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो तिथे मैदानाला पाणी सोडणं मलाही पटत नाही.

---

प्रश्नचिन्ह | दुपारी ३:४०

मातीपरीक्षण, दूर्वांची माहिती बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, मग आपल्या अंगणात आहे ते काय? आभारी आहे, वाचत राहीन.

---

आर्हुसकर | रात्री ११:१५

मी डेन्मार्कमध्ये नोकरीला. माझा आठवडा सिल्केबोर्ग, 'मेड इन डेन्मार्क', २ सप्टेंबरचा रविवार. आणि या आठवड्याबद्दल माझी तक्रार अजून गेलेली नाही.

रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका सामना, त्यातल्या युरोपच्या संघासाठी गुण मिळवण्याची ती शेवटची स्पर्धा. युरोपचा कर्णधार थॉमस ब्यॉर्न इथलाच, त्यामुळे चर्चा तीच. मॅट वॉलेस तोवर मोसमात दोन स्पर्धा जिंकला होता, आपलं इंडियन ओपन आणि कोलोनजवळची बीएमडब्ल्यू इंटरनॅशनल. तिसरी जिंकली तर निवड होईल, अशी आशा. त्याने शेवटच्या सहा होलपैकी पाचांवर बर्डी मारल्या! मग चौघांचा प्लेऑफ. त्यात कोण होता, तर ली वेस्टवूड, ब्यॉर्नचा उपकर्णधार. म्हणजे उपकर्णधाराच्या डोळ्यांसमोर, त्यालाच हरवून, वॉलेसने करंडक उचलला. डेनिश लोक सहसा शांत. त्या दिवशी मी त्यांना ओरडताना पाहिलं.

तीन दिवसांनी ब्यॉर्नने चार नावं जाहीर केली. केसी, पोल्टर, स्टेन्सन आणि सर्जिओ गार्सिया. गार्सियाचा यंदा चारही मेजरमध्ये (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत) कट हुकला होता, म्हणजे दोन दिवसांनंतरच्या चाळणीतच तो गळला होता. मास्टर्सला गतविजेता म्हणून आला आणि पंधराव्या होलवर पाच चेंडू पाण्यात घालवून १३ फटके लागले. त्याला घेतलं आणि वॉलेस घरी. दोन वर्षांपूर्वी हा वॉलेस आल्प्स टूरवर खेळत होता, टूरच्या तिसऱ्या पायरीवर. तिथे एका मोसमात सहा स्पर्धा जिंकून वर आलेला माणूस. आणखी काय करायला हवं होतं त्याने?

---

हिरवा_चाफा | बुधवार, २१ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

आर्हुसकर, तुमची कळकळ पोचली, पण मी ब्यॉर्नच्या बाजूने उभी राहणार. मी पॅरिसच्या उपनगरात राहते आणि रायडर कपचे तिन्ही दिवस ल गोल्फ नास्योनालला होते.

आधी आकडे. ब्यॉर्नने निवडलेल्या चौघांनी मिळून साडेनऊ गुण आणले. गार्सियाने चारपैकी तीन सामने जिंकले आणि निक फाल्डोचा २५ गुणांचा विक्रम मोडला. अमेरिकेच्या कर्णधाराने निवडलेल्या चौघांचे मिळून दोन गुण. युरोप साडेसतरा, अमेरिका साडेदहा. निवड चुकली असं कसं म्हणायचं?

पण त्याहून मोठी गोष्ट मैदानाची आहे. ही जागा म्हणजे सपाट शेतजमीन होती. पॅरिसमधल्या बांधकामांची माती ट्रकांनी आणून टेकड्या रचल्या, म्हणून प्रेक्षकांना उभं राहून सगळं दिसतं. मैदान १९९०मध्ये सुरू झालं आणि फ्रेंच ओपन दोन-तीन अपवाद सोडले तर तेव्हापासून इथेच होते. युरोपचे खेळाडू वर्षानुवर्षं या अरुंद फेअरवेंवर, गुडघाभर रफमधून (बाजूच्या वाढलेल्या गवतातून) खेळत आलेत. अमेरिकेच्या संघातला एकच गडी यंदा जूनअखेर फ्रेंच ओपन खेळायला आला होता, जस्टिन थॉमस. आणि रायडर कपमध्ये अमेरिकेकडून सगळ्यात जास्त गुण कोणी मिळवले? थॉमसनेच, पाचपैकी चार सामने जिंकून. बाकीचे लांब मारायला गेले आणि रफमध्ये अडकले.

रानवाट यांनी मोठ्या स्पर्धा सोडून सांगा म्हटलं आहे, म्हणून माझा आठवडा तो जूनमधला फ्रेंच ओपनचा. गर्दी बेताची, ऊन मी म्हणत होतं. अॅलेक्स नोरेन रविवारी सात फटके मागे होता. आपली फेरी संपवून थांबला आणि पुढचे एकेक करून शेवटच्या पाणथळ होलवर गळत गेले. नोरेन एका फटक्याने जिंकला. सप्टेंबरात जे झालं त्याची तालीम मी तेव्हाच पाहिली होती.

---

आर्हुसकर | सकाळी ९:०२

ताई, निकाल लागल्यावर निवड बरोबर दिसणारच. वॉलेस असता तर कदाचित अठरा झाले असते! आणि परवा दुबईत तो पॅट्रिक रीडच्या बरोबरीने दुसरा आला, तेवढं विसरू नका.

पण थॉमसचा मुद्दा पटला. तो माझ्या ध्यानात नव्हता.

---

देवळालीकर | सकाळी ९:३०

आर्हुसकर, सैन्यात एक गोष्ट शिकलो. गस्तीला जाताना नेमबाजीत पहिला आलेला घ्यायचा की तीन वेळा तीच टेकडी चढून आलेला, हे फक्त गुणपत्रिकेवरून ठरत नाही. गार्सिया ती टेकडी चढलेला होता. पण वॉलेसला वाईट वाटणं मला समजतं. पदकाच्या यादीतून शेवटच्या क्षणी नाव गेलेली पोरं मी पाहिली आहेत.

---

ताकभात | दुपारी १२:१०

आले. माझा आठवडा बॅलीलिफिन.

आयर्लंडच्या उत्तर टोकाला डोनेगल परगण्यात हे छोटं गाव. आयरिश ओपन तिथे पहिल्यांदाच झाली. रविवारी रसेल नॉक्सने अठराव्यावर सुमारे चाळीस फुटांचा पट घातला आणि रायन फॉक्सशी बरोबरी झाली. प्लेऑफ पुन्हा अठराव्यावरच. नॉक्सचा चेंडू जवळजवळ त्याच जागी पडला. आणि त्याने तोच पट पुन्हा घातला! मी घरी एकटीच होते, किंचाळले. शेजारच्या काकू धावत आल्या.

अवांतर: क्रिकेटवाल्यांसाठी. रायन फॉक्सचे वडील ग्रँट फॉक्स न्यूझीलंडचे रग्बीपटू आणि आजोबा मर्व वॉलेस न्यूझीलंडचे कसोटी कर्णधार. एका घरात तीन खेळ.

---

बाराखडी | दुपारी १२:२५

म्हणजे या धाग्यात दोन वॉलेस, एकाची निवड हुकली आणि दुसऱ्याच्या नातवाचा करंडक!

बर्डी, बोगी, पट यांना मराठी शब्द हवेत असं मला फार वाटतं. 'फेअरवे'ला मी घरी 'पायवाट' म्हणतो आणि 'रफ'ला 'रान'. रानात गेला की मेला.

---

मातीपरीक्षण | दुपारी १:००

'रान' फक्कड. 'बंकर'ला 'पुळण' चालेल, कोकणात किनाऱ्यावरच्या वाळूला म्हणतात.

---

कोरडवाहू | संध्याकाळी ६:५०

इतके दिवस नुसता वाचत होतो. लहानपणी आमची वस्ती गोल्फ मैदानाला लागून होती. मी आणि भाऊ सुट्टीत कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग उचलण्याचं काम करायचो. मैदानाचं नाव घेत नाही. तिथे आम्हाला क्लबला हात लावायला परवानगी नव्हती, पाणी प्यायला मागच्या दाराने जावं लागायचं. त्यामुळे प्रश्नचिन्ह यांचा प्रश्न मला परका नाही.

म्हणून एसएसपी चौरसियाचं नाव या धाग्यात यावं असं वाटतं. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनची देखभाल करायचे. तिथेच बघून बघून पोरगं शिकलं आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकलं, युरोपियन टूरवर एकूण चार स्पर्धा. तो जिंकला त्या दिवशी भावाने मला गावाहून फोन केला. दोघंही काही बोललो नाही, नुसते हसत होतो.

यंदाचा माझा आठवडा विचारता, तर असा आहे जो टीव्हीवर कोणी बघत नाही. गेल्याच आठवड्यात स्पेनमध्ये तारागोनाजवळ लुमिने मैदानावर क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे टूरची पात्रता स्पर्धा झाली. सहा दिवस, सहा फेऱ्या, १०८ होल. पहिल्या २५ जणांना आणि बरोबरीवाल्यांना पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना. बाकीच्यांनी परत खालच्या टूरवर जायचं. त्यात टूरवर पूर्वी जिंकलेले लोकही असतात. आणि लक्षात घ्या, बहुतेक आठवड्यांत दोन दिवसांनंतर पहिले ६५ आणि बरोबरीवाले उरतात. कट हुकला की बक्षीस शून्य. विमान, हॉटेल, कॅडीचा पगार खिशातून. ७० लाख डॉलरचा आकडा मोठा दिसतो, पण तो निवडक आठ स्पर्धांचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

---

रानवाट | रात्री ८:१५

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिलंत म्हणून आभार. मीही ते क्वालिफाइंगचे स्कोअर रोज बघत होतो. शेवटच्या दिवशी २५व्या जागेच्या आसपासची नावं वर-खाली होताना बघवत नाही.

---

प्रश्नचिन्ह | रात्री ८:४०

कोरडवाहू, मागच्या दाराचं वाचून गलबललं. आणि रोजंदारीसारखाच हिशेब आहे की हा, काम झालं तर पैसे. मला वाटलं होतं सगळे पगारी असतील.

---

फोर्थच्याकाठी | रात्री ११:३०

स्टोनचा ५९ हुकला त्याची गोष्ट पुरी करायची राहिली. सप्टेंबरात पोर्तुगालला, विलामोराला, शुक्रवारी ऑलिव्हर फिशरने ५९ मारले. दहा बर्डी, एक ईगल (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी), सात पार (ठरलेले तेवढेच). १९७२पासून टूर चालू आहे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि कोणी मारले? सोळाव्या वर्षी हौशी खेळाडूंचा वॉकर कप खेळलेला, मोठं नाव होणार म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला आणि नंतर टूरवर एकच स्पर्धा जिंकलेला फिशर. त्याने ती स्पर्धाही जिंकली नाही, जिंकला टॉम लुइस, २०११नंतर पुन्हा तिथेच. पण त्या शुक्रवारी शेवटच्या होलवर पारचा छोटा पट राहिला होता, तेव्हा मला गलनचे आजोबा आठवले.

---

हिरवा_चाफा | गुरुवार, २२ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

इतके प्रतिसाद झाले आणि मोलिनारीबद्दल कोणी लिहिलंच नाही! रानवाट, तुमची अट मोडते.

हा माणूस मे महिन्यात इंग्लंडमधल्या वेंटवर्थला रॉरी मॅक्लरॉयला दोन फटक्यांनी मागे टाकून जिंकला, जुलैत कार्नुस्टीला ओपन, सप्टेंबरात पॅरिसला पाचपैकी पाच. रायडर कपमध्ये पाचही सामने जिंकणारा पहिला युरोपियन. त्यातले तीन टायगर वुड्सच्या जोडीविरुद्ध, फ्लीटवूडला घेऊन. आणि कार्नुस्टीच्या रविवारी त्याच्या बरोबर कोण खेळत होतं? टायगरच. सगळी गर्दी टायगरची, आरडाओरडा टायगरचा. मोलिनारीने काय केलं? सोळा पार, दोन बर्डी, बोगी (एक फटका जास्त) एकही नाही. वाऱ्यात, त्या टणक जमिनीवर.

२००६ साली भाऊ एदोआर्दो मास्टर्सला खेळला तेव्हा फ्रान्चेस्को त्याची बॅग उचलायला गेला होता. त्या वेळी त्यांच्या गटात गतविजेता म्हणून टायगर होता. बारा वर्षांनी तोच टायगर शेजारी आणि हा ओपन जिंकतोय. मी पॅरिसला सोळाव्या होलपाशी उभी होते. मिकेलसनचा चेंडू पाण्यात गेला, त्याने टोपी काढून हात पुढे केला आणि कप युरोपचा झाला. सगळे नाचत होते. मोलिनारी तिथेही फार नाचला नाही. मला तो फार आवडतो, एवढंच.

---

देवळालीकर | सकाळी ८:००

ताई, मोडलेली अट माफ. अनुमोदन. चूक न करणं हेही शौर्यच.

आणि ऑगस्टमधला फिजीचा आठवडा कोणी घेतला नाही, तो मी नोंदवून ठेवतो. गगनजीत भुल्लर तिथे जिंकला. मोसमातलं भारताचं तिसरं विजेतेपद.

---

आर्हुसकर | सोमवार, १५ एप्रिल २०१९, रात्री १२:४०

धागा वर काढतोय. मास्टर्स आत्ताच संपलं. मोलिनारी दोन फटक्यांच्या आघाडीवर शेवटच्या दिवशी उतरला आणि बाराव्यावर पाण्यात, पंधराव्यावर पुन्हा पाण्यात. टायगर जिंकला. जग आनंदात आहे, मलाही टायगरचा आनंद आहे, पण हिरवा_चाफा ताई, तुमची आठवण आली.

---

हिरवा_चाफा | सकाळी ६:४५

झोप नाही लागली. बाराव्या होलच्या पहिल्या फटक्याला तो उभा होता तेव्हाच छातीत धस्स झालं होतं. पण नंतर त्याने टायगरचं अभिनंदन केलं ते बघितलंत ना?

---

बाराखडी | सकाळी १०:१०

आणि शुभंकर २०१८चा सर्वोत्तम नवोदित ठरला, हे या धाग्यात नोंदवायचं राहिलंच होतं.

---

रानवाट | सोमवार, २४ जुलै २०२३, रात्री १०:०५

पाच वर्षांनी परत आलो. शुभंकर काल इंग्लंडमधल्या हॉयलेकला ओपनमध्ये संयुक्त आठवा आला. ओपनमध्ये आजवर कुठल्याही भारतीयाची ही सर्वोत्तम कामगिरी. मधली वर्षं त्याला जड गेली, कट हुकत राहिले, विजेतेपद एकही नाही. मी स्कोअर बघणं सोडलं नव्हतं.

जुना धागा वाचताना एक लक्षात आलं. टूरचं नाव आता डीपी वर्ल्ड टूर झालं. ब्यॉर्नने निवडलेले ते चौघं, केसी, गार्सिया, पोल्टर, स्टेन्सन, चौघेही लिव्ह गोल्फ या सौदी पैशावरच्या प्रतिस्पर्धी मालिकेकडे गेले. आणि सप्टेंबरात रायडर कप रोमला आहे, मोलिनारी बंधू दोघेही उपकर्णधार. मध्यंतरी आपल्या पुण्याचा उदयन मानेही टोकियो ऑलिम्पिकला खेळून आला.

माझा आठवडा मी तेव्हा सांगितलाच नव्हता. जूनमधला ऑस्ट्रियाचा. व्हिएन्नाजवळ प्रत्येक फटक्याला घड्याळ लावलं होतं, वेळ संपली की एक फटका दंड. साडेचार-पाच तास रेंगाळणारा खेळ भराभर चालला होता आणि खेळाडू हसत होते. फिनलंडचा मिक्को कोरहोनेन सहा फटक्यांनी जिंकला, टूरवरचं त्याचं पहिलं विजेतेपद. त्या वेळी वडील दवाखान्यात होते. रात्री त्यांच्या उशाशी बसून आम्ही दोघांनी शेवटच्या फेरीचे क्षण मोबाइलवर पाहिले. त्यांना गोल्फमधलं काही कळत नव्हतं, पण घड्याळ उलटं पळताना दिसलं की माझा हात दाबायचे.

---

देवळालीकर | रात्री १०:३०

रानवाट, आज कळलं. वडील कसे आहेत?

---

रानवाट | रात्री १०:३४

ठणठणीत. ब्याऐंशी पूर्ण. काल हॉयलेकची शेवटची फेरी त्यांनीच लावायला सांगितली.